बारा दिवस बाजूला

...नाही, पण तुम्हीच सांगा, बाई बरी झाली तर तिला आनंद व्हायला हवा की नको? माझं हिमोग्लोबिन सात होतं, सात! जिना चढताना मध्येच बसायचे. सासूबाईंना म्हटलं चक्कर येते, तर म्हणाल्या, "आमच्या वेळेला नव्हत्या हो असल्या चकरा!" मुंबईला ह्यांना फोन केला, तर "बीट खा." बस! आमच्या हरिश्चंद्राचा सल्ला संपला! अहो, लांज्याच्या बाजारातून बीट आणायला तरी चालता यायला हवं ना? सात!

आता खरं सांगते, लाजायचं काय... महिन्याची अडचण बारा-बारा दिवस जायची. आमच्याकडे अजून बाजूला बसतात. चुलीला शिवायचं नाही, देवाजवळ जायचं नाही. पण चार दिवस झाले की मी गपचूप न्हाऊन स्वयंपाकाला लागायचे. अजून जातंय हे सांगणार कुणाला? आमच्या गावची आशा सेविका दीपाली लोहाच्या लाल गोळ्या देऊन गेली, त्या मी चार महिने चहाबरोबर घेतल्या. चहाबरोबर! दीपालीने कपाळावर हात मारला. "योगिनीताई, चहा त्या गोळीचा गुण खातो! लिंबूपाण्याबरोबर घ्या!" तशाही घेतल्या, महिन्याने परत बोट टोचलं... सातच!

तेव्हा तिला बारा दिवसांचं सगळं सांगून टाकलं. मग ती हळूच म्हणाली, "ताई, खोटं न्हाऊ नका. जोवर जातंय तोवर बाजूला बसा."

बसले! पाचवा दिवस, सहावा, सातवा... मी आपली चटईवर, हातात गरम पेज, आणि सासूबाई चुलीपुढे. आठव्या दिवशी भात करपला. नवव्या दिवशी त्यांची कंबर धरली. आणि गणपती आठवड्यावर आलेले! तेव्हा कुठे फोनवर ओरडल्या, "हरिश्चंद्रा, आधी ये नि हिला डॉक्टरला दाखव रे! मी मोदक एकटीने वळू काय?"

म्हणजे बघा, सात हिमोग्लोबिनने जे झालं नाही, ते एकवीस मोदकांनी झालं!

रत्नागिरीला नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ निघाली. डॉक्टरीणबाई ह्यांच्यावरच कडाडल्या, "हंड्याला भोक असताना वरून पाणी ओतून काय उपयोग? आधी रक्त जाणं थांबवायला हवं! अजून उशीर केला असता तर रक्ताच्या बाटल्या चढवायला लागल्या असत्या!" तेव्हा मात्र मला भीती वाटली हो. दोन पोरं घरी... आणि ह्यांनी बाहेर येऊन स्वतःहून बीट घेतलं, दोन किलो. ह्यांचं काय करायचं सांगा!

अंगावरचं कमी व्हायच्या गोळ्या मिळाल्या, लोहाचं सलाईन झालं. आता साडेअकरा! पायात जोर आला, जिना एका दमात. अडचण तीनच दिवस.

तीन... तिथेच तर घोडं अडलंय, चटईवरचा आराम गेला! परवा चौथ्या दिवशी चटईवरूनच म्हटलं, "आई, अजून थोडं आहे हो..." तर त्यांनी वहाणा घातल्या! "चल गो, एसटी आत्ता सुटेल, डॉक्टरला दाखवू!"

काय करणार? उठले, न्हाले, भाताचं आधण ठेवलं.