निजायची वेळ

अध्यक्षा श्रीमती थ्वेट, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ग्लेनिसबाई, आणि सँडविचच्या ताटांवर डोळा ठेवून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

उभं राहून बोलायची रीत आहे. माझी चाकांची खुर्ची ती पाळत नाही, तेव्हा बसूनच बोलतो.

ग्लेनिसबाई आज समाजसेवा खात्यातून निवृत्त होताहेत. त्यांचे माझ्यावर काय उपकार आहेत? लंडनच्या पाहुण्यांसाठी आधी सांगतो, आमच्या यॉर्कशरात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. तेव्हा माझी देखभाल एका एजन्सीकडे होती. तिनं दक्षिणेकडची नवी पोरगी धाडली. तिला हुकूम होता, ‘मिस्टर सगडनना टी देऊन निजवणे.’ पोरीनं इमानेइतबारे कपभर चहा पाजला, मला अंथरुणात घातलं आणि पडदे ओढून गेली. बाहेर आमच्या उन्हाळ्यातलं संध्याकाळचं लख्ख ऊन, पोटात कावळे, आणि मी छताकडे बघतोय!

सकाळी ग्लेनिसबाई आल्या. ऐकून आधी खो खो हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, “स्टॅन, तुला कोण हवंय रे?”

“शेजारचा डेनी. खाण बंद पडल्यापासून घरीच असतो.”

“मग खात्याकडून एजन्सीला जाणारे पैसे तुझ्याच हातात देऊ. माणूस तू नेम, पगार तू दे.”

असे पैसे थेट हाती देण्याचा कायदा नवाकोरा होता. एजन्सी तर मी सोडलेली; खात्याच्या समितीनं नाही म्हटलं असतं, तर घर सोडून मला परगावच्या आश्रमात जावं लागणार होतं. बैठकीत एका साहेबांनी विचारलंच, “हा गृहस्थ पैसे पबमध्ये उडवणार नाही कशावरून?”

बाई म्हणाल्या, “साहेब, तुमचा पगार कुठं उडतो ते आम्ही विचारतो का?”

मी मनात म्हटलं, गेलं घर! पण साहेबांनाच हसू फुटलं आणि त्यांनी सही ठोकली.

पहिल्या दिवशी डेनी बाह्या सरसावून आला. “बोला मालक!”

“मालक म्हणालास तर कानाखाली वाजवीन.”

“आधी हात तर उचल, लेका! बरं, निजायचं कधी ते सांग.”

मंडळी, मी पन्नाशीचा दाढीवाला बाप्या, आणि मला उत्तरच येईना. आजारी पडल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं हो! दारात उभ्या ग्लेनिसबाई एकदम पाठ फिरवून माझी खिडकी पुसायला लागल्या. खिडकी स्वच्छच होती.

ग्लेनिसबाई, तुमचे आभार मानायचे म्हणून शब्द जुळवून आणले होते, ते आता राहू देत. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही वेडंवाकडं बोललो असेन, तर आपला स्टॅन म्हणून पोटात घाला. आणि डेनीला त्या दिवशी शेवटी काय सांगितलं, ते सांगून थांबतो.

म्हटलं, “झोप आली की.”