म्हशीच्या कानात बुगडी

(सन १९६३. कराडजवळच्या एका वाडीत, आण्णा आणि पारूबाई या नवरा-बायकोच्या गोठ्यापुढे. गुरांचा डॉक्टर म्हशीचा कान धरून उभा.)

डॉक्टर : पण मावशी, हिला बुळकांडीची लस दिली कुणी? आमचं पथक या वाडीत आजच पहिल्यांदा आलंय.

पारूबाई : दिली आसंल कुनीतरी. कानाला भोक बघा की. लस टोचल्याली म्हस कानाच्या भोकावरनं वळखायची, आशी तुमीच दवंडी पिटलीसा.

डॉक्टर : भोक दिसतंय. पण आमचं भोक चिमट्यानं पाडतात, बोराएवढं. हे सुईएवढं आहे. आणि त्यात बुगडी आहे.

पारूबाई : बुजू ने म्हनून घातलीया.

डॉक्टर : आण्णा, तुम्ही काही बोलता का?

आण्णा : मी काय बोलू? बुगडी कृष्णंत पडली म्हनून हिनं मला तीन दिस पान्यात बुड्या मारायला लावल्या. कुटं हाय ती, आत्ता कळतंय.

पारूबाई : तुमी गप बसा वो.

डॉक्टर : भोक कुणी पाडलं?

पारूबाई : सोनारानं.

डॉक्टर : सोनारानं?

पारूबाई : मग काय न्हाव्यानं पाडायचं? कान सोनारानंच टोचावं.

आण्णा : तरीच तात्याबा सोनार आयतवारपास्नं लंगडतोय.

पारूबाई : हिनं लाथ तशी हळूच मारली हुती.

डॉक्टर : एवढा खटाटोप करण्यापेक्षा लस घेतली असती तर? एक पैसा पडत नाही.

पारूबाई : सरकार फुकाट कवा देतंय? हिंदुरावानं वळू ठेवला, तर वळूला लायसन, लायसनला फी. सायकलीला लायसन, रेडिओला लायसन. आज फुकाट टोचशीला, उद्या म्हनशीला रवंथ करायची फी भरा.

डॉक्टर : वळूचं लायसन पैदास चांगली व्हावी म्हणून. ही लस जनावर जगावं म्हणून. हिला फी नाही.

आण्णा : आगं, शिकल्याला मानूस हाय त्यो.

पारूबाई : फी घ्यायला शिकल्यालाच लागतोय. बरं, फीचं ऱ्हाऊ द्या. पल्याडच्या वाडीतल्या जाईबाईच्या म्हशीला सुई टोचली आन दूध आटलं. माझी लेक लीला बाळतीन हाय, डाक्टर. तिला आंगावर दूध न्हाई. पोरगं ह्या म्हशीच्या दुधावर हाय. हिचं थांबलं तर त्येच्या तोंडात काय घालू?

डॉक्टर : चार दिवस दूध कमी येईल, आटणार नाही. पण बुळकांडी नदीपलीकडं आलीय, मावशी. ती इकडं आली तर म्हैसच राहायची नाही.

पारूबाई : आन आटलं तर?

डॉक्टर : तर माझ्याकडं या.

पारूबाई : एकटी न्हाई यायची. ही तुमच्या गोठ्यात बांधीन आन तुमची दुभती सोडून आनीन.

डॉक्टर : आमचा गोठा रिकामा आहे.

आण्णा : ढोराचा डाक्टर आन गोठा रिकामा?

डॉक्टर : मी पलूसचा. आठ वर्षांचा होतो, तेव्हा आमच्या तीन म्हशी आठवड्यात गेल्या. त्याआधी महिनाभर सुईवाले दारात आले होते. आईनं सांगितलं, आमच्यात म्हशीच नाहीत.

आण्णा : आन म्हशी कुटं हुत्या?

डॉक्टर : माजघरात.

आण्णा : तिन्ही?

डॉक्टर : तिन्ही. त्यात एक ओरडली. आई म्हणाली, आमच्या ह्यांना घोरायची सवय आहे.

आण्णा : आन सुईवाल्यांना पटलं?

डॉक्टर : वडील त्यांच्या शेजारीच उभे होते. तरी बिचारे निघून गेले. शेवटची म्हैस आईच्या मांडीवर डोकं ठेवून मेली. त्यानंतर आईनं दारात म्हैस बांधू दिली नाही. अजून देत नाही.

पारूबाई : किती दिस दूध कमी यील म्हनलासा?

डॉक्टर : चार.

पारूबाई : मग चार दिस शेजारच्या शालूबाईच्या शेळीचं मागून आनीन. आवं, बघत काय बसलासा? डोस्कं धरा तिचं.

आण्णा : धरलं. टोचा, डाक्टर.

पारूबाई : थांबा जरा. गुळाचा खडा आनते. टोचताना लेकराच्या तोंडात गोड आसावं.