हजारात ओळखेन

(पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्या स्टुडिओची मागची खोली. दुपार उतरत आलेली. संगणकापुढे दोन खुर्च्या.)

भाची: मावशी, माउस उचलायचा नाही गं. टेबलावर सरकवायचा.

धाकटी: सरकवतेच आहे. टेबल संपलं.

भाची: मग जरासा उचलून मागे घ्यायचा.

धाकटी: आत्ताच म्हणालीस उचलायचा नाही! एक काहीतरी सांग. आणि हे टेबलच मेलं अरुंद आहे.

भाची: नाचता येईना अंगण वाकडं. ऊठ तू, मी करून देते. दहा मिनिटांचं काम आहे.

धाकटी: नाही. तू जन्मलीसुद्धा नव्हतीस दादा घर सोडून गेला तेव्हा. तू बघितलेलंच नाहीस त्याला, तू काय त्याला म्हातारा करणार? मला शिकव. माझ्या हातानं झालं तरच ते माझ्या डोक्यात बसेल.

भाची: बरं बाई. लेयर म्हणजे काय सांगितलं मघाशी?

धाकटी: काच. फोटोवर ठेवलेली काच. जे रंगवायचं ते काचेवर. बिघडलं तर काच काढून टाकायची, खालचा फोटो जसाच्या तसा. किती वाजले?

भाची: मघाशी विचारलंस तेव्हापेक्षा थोडे जास्त. गाडीला वेळ आहे अजून. स्टँड काय, पलीकडच्या रस्त्यावर. पाय हलवू नकोस, टेबल हलतंय.

धाकटी: हलत नाहीत, ते आपोआप होतंय. बोल पुढे.

भाची: आता ब्रश घे. मऊ कडेचा. रंग पांढरा नको, राखाडी. आणि ही पट्टी खाली ओढ, म्हणजे रंग पातळ लागेल, खालचे काळे केस थोडे दिसत राहतील. हां. कानशिलापासून सुरुवात कर.

धाकटी: असं?

भाची: मावशी, ते कपाळ आहे.

धाकटी: अगं बाई! भस्म फासल्यासारखं झालं. पुसू कशानं?

भाची: अनडू. कंट्रोल आणि झेड. एक पाऊल मागे.

धाकटी: किती मागे जाता येतं?

भाची: बरंच. पण फाइल उघडल्यापासूनच हां, त्याच्या मागे नाही.

धाकटी: तेवढंच ना. मला वाटलं काय ना काय.

भाची: एक विचारू? फोनमधल्या त्या अ‍ॅपमध्ये हाच चेहरा घातला की बटण दाबल्याबरोबर म्हातारा करून देतं.

धाकटी: केलं मी काल. औषधाच्या जाहिरातीतला आजोबा आला. गुळगुळीत म्हातारा, दात पांढरेशुभ्र. असली माणसं स्टँडवर उतरत नाहीत.

भाची: मग मामालाच सांगायचं ना, एक फोटो पाठव म्हणून.

धाकटी: त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. आणि समज सांगायचं, तर कुठल्या तोंडानं? फोनवर पहिलंच काय विचारलंन माहितीये? "ओळखशील ना गं मला?" आणि मी म्हटलं, हजारात ओळखेन. बोलून बसले. तिकडून काही आवाजच येईना. मला वाटलं फोन कटला. तर रडत होता.

भाची: अरे देवा.

धाकटी: आता मी तिथे उभी आहे आणि माझ्या डोळ्यांसमोरून माझा भाऊ निघून गेला, तर? मी भलत्याच कुणाकडे बघून हसले, आणि ते त्यानं बघितलं, तर? उलट पावली परत जाईल तो. इतकी वर्षं लागली त्याला फोन करायला, पुन्हा नाही करायचा. चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या.

भाची: तिथे पोचल्यावर फोन लाव. ज्याच्या खिशात वाजेल तो मामा.

धाकटी: म्हणजे ओळखलं नाही असंच ना ते?

भाची: मग नावाची पाटी धर.

धाकटी: भाऊ आणायला चाललेय की कंपनीचा पाहुणा? चल, दाखव पुढे. गाल कसे ओघळवायचे?

भाची: हे बोटाचं चित्र आहे ना, त्यावर क्लिक कर. आता गालावर दाबून धरायचं आणि खाली ओढायचं. हळू. हळू म्हटलं ना! नाक आलं बरोबर.

धाकटी: कंट्रोल झेड. बघ, शिकले की नाही?

भाची: शिकलीस. तरबेज झालीस. आता डोळ्यांखाली जरा सावली.

धाकटी: थांब. झालंय बघ. असाच असेल तो. असाच. ह्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाला मी कुठेही ओळखीन. मला खांद्यावर घ्यायचा ना, तेव्हा ह्याच कॉलरला धरून बसायचे मी. बाबांनी रागानं त्याचे सगळे फोटो फाडले. हा आमच्या मामाच्या घरी होता म्हणून वाचला.

थोरली: पुढे दुकान उघडं टाकून दोघी इथे काय करताय? कुणी कॅमेरा उचलून नेला तरी पत्ता लागायचा नाही.

भाची: आई, तू कशी काय आलीस?

थोरली: आले. घरात बसवेना. आज काय आहे ते मला ठाऊक आहे, मला सांगू नका. आरती ओवाळा, हार घाला, काय हवं ते करा. मी त्या माणसाचं तोंड बघणार नाही. बाबा शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होते, तेव्हा कुठे होता हा?

धाकटी: ताई, तुला कुणी ये म्हटलं का? तू बस. पाणी पी. फक्त एकदा इकडे बघ, केस पांढरे जास्त झालेत का?

थोरली: कुणाचे?

धाकटी: दादाचे. ह्याला म्हातारा केलाय, म्हणजे स्टँडवर ओळखायला बरं.

थोरली: हा तो नाही.

धाकटी: काय?

थोरली: हा आपल्या मामाचा मुलगा आहे. फोटो मामाच्या घरचा, मामा पुढे आपल्याच पोराला उभा करणार ना!

धाकटी: काहीतरीच बोलू नकोस. शर्ट बघ.

थोरली: शर्ट त्याचाच आहे. मामाचा मुलगा चिखलात पडला होता, म्हणून ह्यानं आपला काढून दिला. दुसऱ्याला अंगावरचं काढून द्यायची भारी हौस. तो मागे होता ह्या फोटोत. खांबाआड, बनियनवर. अर्धाच दिसायचा. इथे कुठे गेला?

भाची: थांब, मूळ फोटो उघडून झूम करते. हा?

थोरली: हाच.

धाकटी: ... हा तर मी कापून टाकला होता. कडेचा म्हणून. ताई, मी त्याला कापून टाकला गं.

भाची: मावशी, काही झालेलं नाही. मूळ फाइल आहे, सगळा आहे तो.

धाकटी: अख्खी दुपार भलत्याचे केस रंगवले मी! अगं, मला त्याचा चेहरा आठवतच नाही. शर्ट आठवतो. कॉलरचा वास आठवतो. चेहरा नाहीच. ह्याचा मोठा कर ना, पोरी. स्पष्ट कर. काहीतरी बटण असेल.

भाची: मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. फोटोत नाही ते कुठून आणू?

धाकटी: मग मी काय करू? गाडी यायची वेळ झाली. ताई, मी काय करू?

थोरली: रडू नकोस. तू चौथीत होतीस. चौथीतल्या पोरीला काय आठवणार, कॉलरच. आणि हे राखाडी बिखाडी सगळं चुकलंय. त्याचे केस पांढरे नसतील, नुसते विरळ झाले असतील, तेही पुढून. आजोबांचं तसंच होतं. डाव्या भुवईत फट आहे, तिथे केस उगवत नाहीत. झोपाळ्यावरून पडला होता. गाल बसले असतील, ओघळणार नाहीत, हाडं मोठी आहेत त्याची. पोट सुटलं असेल थोडं. मान एका बाजूला कलती ठेवून चालतो. तेवढं काही बदलायचं नाही.

भाची: आई...

थोरली: काय आई?

भाची: तुला हे सगळं कसं माहीत?

थोरली: कसं म्हणजे? रोज बघते मी त्याला. बाजारात, रांगेत, कुणी पाठमोरा उभा असला की पहिलं तेच येतं मनात. पुढे जाऊन बघायचं, नाही म्हणून परत यायचं. पहिल्या पहिल्यांदा कोवळ्या पोरांकडे बघायचे. मग म्हटलं, आता तो काही पोरगा राहिला नसेल. मग जरा मोठ्या माणसांकडे बघायला लागले. आता टकलांकडे बघते. तुम्हाला मशीन लागतं. मी दरवर्षी थोडा थोडा म्हातारा करत आणलाय त्याला.

धाकटी: ताई. आणि तोंड बघणार नाही म्हणतेस.

थोरली: म्हणते. राग आहे मला. राहणार. तो का नाही आला हे विचारल्याशिवाय जाणार नाही तो राग.

धाकटी: मग चल ना माझ्याबरोबर. तुझ्याशिवाय नाही सापडायचा तो मला.

थोरली: मी लांब उभी राहीन. बोट दाखवीन. पुढे तुझं तू बघ. तूच ओळखलंस असं सांग. माझं नाव काढायचं नाही.

धाकटी: नाही काढणार.

थोरली: खोटं बोलता येत नाही तुला. तरी बघ जमलं तर. आणि तोंड धू आधी. रडके डोळे बघून घाबरेल तो. लहानपणापासून तसाच आहे, कुणी रडलं की ह्यालाच आधी रडू येतं.

भाची: मी पण येऊ?

थोरली: तू दुकान सांभाळ. आणि तेवढं ते बंद कर, मामाच्या पोराला उगाच म्हातारा करून ठेवलाय. चल गं, किती वेळ.

धाकटी: आले, आले. पदर तरी नीट करू दे.

भाची: आई, अगं थांब! तुझ्या एका पायात मावशीची चप्पल आहे.

थोरली: असू दे. गाडी लवकर आली तर तो एकटाच उभा राहील तिथे.