बंबातली बंदूक

हॅलो?… हो, प्रयोगशाळाच. मीच नीलिमा… ट्रंककॉल? कुठून?… बेळगाव. द्या जोडून.

हॅलो… हॅलो? कोण, भाऊजी? अहो, ओरडू नका, स्वच्छ ऐकू येतंय. पोचलात ना सगळे? सामान लागलं घरात?

नाही?… अजून जकात नाक्यावरच? का, काय झालं?

हं.

हं… अगंबाई. बंबात?

छे हो, हसतेय कुठे. लाइनच खरखरतेय.

थांबा, थांबा, एकदम सांगू नका. नळ्या बंबात. दस्ता गादीच्या वळकटीत. आणि काडतुसं?… साखरेच्या डब्यात! भाऊजी, साखर पाणी धरते. दारू सर्दावली असती ना. तुमच्या साहेबांनी रानडुकरावर नेम धरला असता आणि नुसतंच ‘फुस्स’.

कोण साहेब म्हणजे? तुमचेच. बदली होऊन तुमच्याआधी बेळगावला गेले ते. त्यांना शिकारीचा शौक, म्हणून माझ्या वडिलांची दुनळी बंदूक त्यांना भेट द्यायची. शैलाला सांगत होतात परवा. आपल्या घराच्या भिंती किती पातळ आहेत, तुम्हीच म्हणता की नेहमी.

हो, कपाटात होती, कुलपात. कोयंडा उचकटलेला मी काल संध्याकाळी पाहिला… नाही बोलले. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही.

ऐका. ऐका ना भाऊजी. महिन्यापूर्वी जेवताना तुम्हाला काय सांगितलं होतं? परवाना माझ्या नावावर. तोही महाराष्ट्रापुरता. कर्नाटकात न्यायची तर आधी अर्ज करून हद्द वाढवून घ्यावी लागते, आणि तरीही नेणार मी, तुम्ही नाही. तेव्हा काय म्हणालात? “वहिनी, चार भांड्यांबरोबर जाईल, कोण विचारतंय.” विचारलं ना?

हो, परवाना घेऊन गेलात, माहीत आहे. अहो, ते काय स्कूटरचे कागद आहेत? ज्याच्या खिशात त्याची गाडी?

नाही, मी नुसतं आठवण करून देतेय.

कारकुनाला संशय कसा आला?… बंब नवा वाटला? दुकानातून घेतलेला?… हो, बरोबर आहे त्याचं. जुन्या घरसामानाला जकात नाही, नव्या भांड्यांना आहे. इतका लखलखीत बंब पाहिल्यावर तो म्हणणारच, उतरवा खाली.

मीच घासला.

काल रात्रीची भांडी आवरल्यावर. चिंच आणि मीठ. तांब्यावर काळं धरतं ना, ते आंबटात विरघळतं, आणि मिठाने आणखी लवकर. आमच्या कामात रोजचंच आहे हे. अगदी पितळी तोटीसुद्धा काढून घासली.

हो, तुम्ही म्हणाला होतात काळाच राहू दे, वाटेत नजर नको. पण मी म्हटलं, सासूबाईंचा बंब, असा काजळीचा कसा पाठवायचा परमुलखात? लोक काय म्हणतील? हे वाक्य तुमच्याकडूनच शिकले मी.

…आडवा केला तेव्हा आत खणखणलं. हो.

हो भाऊजी. नळ्या आत आहेत, ठाऊक होतं.

ओरडा, ओरडा.

एरवीही माझ्या घरात माझ्यासमोर फार बोलता.

सूड? तुम्हीच शब्द काढलात, तर तो पुरा करू. तुमचे दादा, नंदकिशोर गेल्यावर तुम्ही घरात कर्ते झालात. चालवून घेतलं. पण तो रविवार आठवतो? हेच साहेब जेवायला यायचे होते. मी पुरण वाटत होते. चाकणहून दत्तोबा आला होता सायकल मारत. माझ्या वडिलांचा, अप्पांचा जुना गडी. “ताईला घेऊन जायला आलोय, मालकांचं खरं न्हाई.” आणि तुम्ही दारातूनच काय सांगितलंत त्याला? “वहिनी ड्युटीवर आहेत. मागाहून बघू.”

मी वीस पावलांवर होते भाऊजी. हाताला पुरण लागलेलं. तुमच्या साहेबांना आग्रह करकरून वाढलं मी त्या दिवशी. तुम्ही कौतुकाने म्हणालात, “आमच्या वहिनींच्या हाताला चव आहे.” आणि तिकडे अप्पा दाराकडे बघत होते. दत्तोबानेच सांगितलं मला. राख सावडायला पोचले तेव्हा.

नाही, तुमची चूक झाली असं नुसतं म्हणू नका. चूक म्हणजे साखरेत काडतुसं ठेवणं.

…काय सांगू पोलिसांना? मीच तुमच्याकडे दिली? विश्वासाने? देखभालीसाठी?

शैलाला द्या फोन.

शैला? अगं, रडू नकोस. ऐक ना… हो, हो… अगं ऐक आधी. तुझ्यावर काही नाही. बाळाने दूध घेतलं?… थर्मासमधलं आहे ना? बरं. ट्रकवाल्याला सामान नव्या घरी उतरवायला सांग, तू बरोबर जा. तुझ्या मामांना निरोप धाड… हो, बंब ठेवून घेतील ते, घेऊ देत. चुलीवर तापव पाणी… अगं, मला कळतंय. पण आता तू मध्ये पडू नकोस. दे त्यांना.

कोण?… फौजदारसाहेब? नमस्कार. हो, मराठी चालेल ना आपल्याला? बरं झालं.

हो, मधुसूदन माझे धाकटे दीर. नात्याबद्दल शंका नाही.

बंदूक माझी. वडिलांच्या मागे रीतसर माझ्या नावावर झालेली.

नाही साहेब. मी दिली नाही. विकली नाही, भेट दिली नाही, सांभाळायलाही दिली नाही. कपाटाचा कोयंडा उचकटलेला आहे. ट्रक कासारवाडीच्या फाटकापलीकडे गेला आणि मी पिंपरीच्या पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली. तुम्ही तिथे विचारून खात्री करा.

हो… हो, विचार करूनच बोलतेय. घरचं प्रकरण आहे हे मलाही कळतं. पण तुम्ही विचारलंत, दिली होती का. नाही दिली.

जबानी द्यायला येईन मी. एक विनंती होती, करू का? नळ्यांना बंबातली काजळी लागली असेल. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवायला सांगाल कुणाला तरी? गंज चढतो लगेच. अप्पा फार जपायचे… उपकार झाले.

त्यांना परत बोलायचंय? द्या.

हं, बोला… हो, ऐकतेय… हात जोडताय? फोनवर दिसत नाही ते… नोकरी जाईल? जाईल बहुतेक. साहेब सोडवतील ना तुम्हाला. त्यांना कळवा की. फार जेवले आहेत ते आपल्याकडे.

कोण? हां, ऑपरेटर… वेळ संपली? नाही, नका वाढवू. माझं बोलून झालंय.

पुन्हा जोडून मागतायत? आत्ताच?

मग त्यांना एवढं सांगा… वहिनी ड्युटीवर आहेत. मागाहून बघू.