अशोकाच्या बुडाशी

(जव्हार. नव्या घराचं पुढचं अंगण, जूनअखेरची सकाळ. मुख्याध्यापक रोहिदास, त्याची बायको निशा आणि जामसरच्या पाड्यावरून आलेली त्याची आई फागी.)

फागी : हितंच लावली होती मी. गेल्या साली पाऊस सरताना, ह्याच हातांनी. ह्या दगडापास्न त्या नळापर्यंत. आता बघ, कुंपणाला सुद्धा पाला फुटलाय, एक माजी कवळीची भाजी तेवढी नाय. आणि तिच्या जागेवर हा कोण उभा?

रोहिदास : अशोक आहे, आई. नाशिकच्या रोपवाटिकेतून मागवला.

फागी : मी नाव नाय इचारलं. कोण लागून गेला म्हणून उभा हाय, ते इचारलं.

रोहिदास : सदाहरित वृक्ष आहे. बाराही महिने हिरवा. ऐन मे महिन्यातसुद्धा अंगण उघडं वाटत नाही.

फागी : फळ?

रोहिदास : खाण्याजोगं नाही.

फागी : सावली?

रोहिदास : तो सरळ उंच वाढतो. त्यामुळे सावली साधारण त्याच्या स्वतःपुरतीच पडते.

फागी : मंग फांदीला झोळी तरी बांधता येती का?

निशा : आई, कशाला चौकशी करता? मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढे बघितलेत ना असे चार-चार? त्यांना काम विचारायचं नसतं. हजेरी पूर्ण असते, बास.

रोहिदास : निशा, तू कृपा करून मध्ये पडू नकोस. आई, आता तुझ्या कवळीचाही नीट विचार कर. जूनमध्ये उगवते, चार पांढरी फुलं दाखवते आणि दसऱ्याच्या आत दिसेनाशी होते. उरलेले आठ महिने तिथे काय राहतं? नुसती माती.

फागी : नुसती कशी? ती खाली निजलेली असती.

रोहिदास : पण दिसत तर नाही!

फागी : तुजा बाप आठ-आठ महिने वसईला रेती काढायला जायचा. अंगणात दिसत नाय म्हणून मी त्याच्या जागी दुसरा आणून उभा केला का?

निशा : घ्या! द्या उत्तर, सर.

रोहिदास : हा दाखला इथे लागू होत नाही.

फागी : का नाय? तो पण पाऊस पडला की उगवायचा.

निशा : अहो, चेष्टा राहू द्या. रविवारचं काय करायचं? देवजीभावजींना, कमूवहिनींना सांगून बसलोय. आई यंदा नवी भाजी आपल्या घरात करणार, देवाला इथे दाखवणार, म्हणून मी पितळी पातेलंसुद्धा घासून ठेवलंय. बाजारातून आणू का चार वाटे?

फागी : बाजारची कवळी कुणाच्या रानातली, काय ठावं? ही तुज्या सासऱ्याच्या बांधावरली होती. मुळ्या ओल्या फडक्यात बांधून एसटीनं मांडीवर आणल्या मी. कंडक्टर म्हणला, आजी, बाळ कुणाचं? मी पाड्यावर पोराला, देवजीला सांगून आलीय, नवी भाजी ज्या घरात दाखवीन, त्या घरात राहीन. आता हितं भाजी नाय, तर मी कशाला? जामसरची गाडी अकराला हाय. गाठोडं बांधलेलंच हाय.

रोहिदास : एका भाजीसाठी तू घर सोडून जाणार?

फागी : घर धरलंय कुठं अजून?

रोहिदास : आई, जरा ऐक. मी पाचवीत होतो तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत एक गुरुजी पाड्यावर आले होते, आठवतं? आपल्या अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही लोक दारात काहीच लावत नाही वाटतं?’ तेव्हा सगळं जमिनीखाली होतं. हळद, कणग्यांचे कंद, ही तुझी कवळी. मला ते सांगताच आलं नाही. त्याच दिवशी ठरवलं, आपल्या दारात असं काहीतरी हवं, की जे कुणाला सांगावं लागणार नाही.

फागी : तो गुर्जी आपली तलंग कोंबडी खाऊन गेला. ती बरी दिसली त्याला.

निशा : आणि त्या गुरुजींना उत्तर म्हणून हा खांब?

रोहिदास : खांब म्हणू नकोस त्याला.

फागी : बरं, खड्डा कवा घेतला?

रोहिदास : मे महिन्यात. तेव्हा इथे काहीच नव्हतं, आई. अगदी शपथेवर.

फागी : माती कुठं टाकली?

रोहिदास : टाकली नाही. शेणखत मिसळून तीच परत भरली, शास्त्रशुद्ध पद्धतीने.

फागी : मंग मुळ्या हितंच असतील. ह्याच्या बुडाशी फुटाया पायजे होती. इतकी साफ कशी ही जागा? सारवल्यागत?

रोहिदास : मी रोज सकाळी स्वतः स्वच्छ करतो. एक गवत सारखं येतं, भलतं हट्टी. आज काढलं की चार दिवसांत पुन्हा वर.

फागी : कसलं गवत?

रोहिदास : लांब पातीचं. मऊ, चपटं. बुडाशी जरा पांढरट.

निशा : अहो…

रोहिदास : काय?

निशा : काही नाही. बोला तुम्ही. सोळा वर्षं परिसर अभ्यास शिकवताय.

फागी : उपटलंस का खुडलंस?

रोहिदास : उपटून येतच नव्हतं. खुडलं. आई, ते… ती होती?

फागी : खुडून कुठं टाकलीस?

रोहिदास : ओल्या कचऱ्यात. हिरव्या डब्यात.

निशा : म्हणजे घंटागाडीत. अगं बाई! मी सकाळी जेवणाच्या डब्यांच्या घाईत, नाहीतर मला दिसली असती हो.

फागी : देवाला दाखवल्याबिगर पाड्यात अजून कुणी पात तोंडाला लावली नाय. म्हातारी चैती दात नसून थांबलीय. आणि माज्या शिकल्या पोरानं पयला मान कचऱ्याच्या गाडीला दिला!

रोहिदास : मी ओळखली नाही, आई.

फागी : जामसरात शेळी वळखती तिला.

रोहिदास : शेळी जूनमध्ये घरी असते. मी सहाव्या वर्षापासून वसतिगृहात. शाळा जूनमध्ये उघडायची. कवळी मी दिवाळीच्या सुट्टीत ऐकली, उगवताना कधी पाहिलीच नाही.

फागी : …व्हय. मीच बसवायची तुला गाडीत. तू रडायचास, आणि मी रानात जायची भाजीला.

निशा : चहा ठेवू का, आई?

रोहिदास : चहा नंतर. निशा, फावडं आण. मी आत्ता काढतो हा अशोक.

फागी : थांब, थांब! पुन्ना खणतो का? उरल्यासुरल्या मुळ्या तोडशील. मास्तर झालास तरी हात जरा आवर.

रोहिदास : मग काय करू?

फागी : काय करू नको, तेच कर. खुडून ती मरत नाय. चार दिवसांत वर येती, तूच म्हणलास.

निशा : आज बुधवार. म्हणजे रविवारपर्यंत…

फागी : बोटभर येईल. देवाला बोटभर पुरती. देवजीला मात्र नाय पुरायची. त्याच्यासाठी बाजारचे वाटे आण, त्याला काय कळतंय.

रोहिदास : आणि ह्याचं काय?

फागी : ऱ्हाऊ दे. फळ नाय, सावली नाय, पण आठ महिने खूण तरी धरील. कुठं निजलीय ते तुज्यासारख्याला कळाया पायजे ना. फक्त ह्याला सांग, लई ऐसपैस पसरू नको.

रोहिदास : तो पसरत नाही, आई. तोच तर त्याचा गुण आहे.

फागी : बघ, एक गुण निघाला. आणि रविवारी देवापुढं उभं राहून सांगायचं, आधी खुडली म्हणून.

निशा : खुलासा लेखी द्यावा लागेल का?

फागी : देव शिकलेला नाय. तोंडी चालंल.

रोहिदास : आई, अकराची गाडी…

फागी : आणि उद्यापास्न सकाळी हितं वाकायचं नाय. गवत कुठलं, ते मी बघीन.