दोघांत एक कांबळं

अप्पा गेल्यापासून काका हे मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, आज तुम्हीही ऐका. अप्पा म्हणजे माझे वडील; ते आणि काका सख्खे भाऊ. तंजावूरात एकाच गल्लीत राहून तीन वर्षं बोलत नव्हते. मी झोपायची सोय असलेली व्हॅन भाड्यानं घेतली आणि दोघांना कोडैकानलला नेलं. तिथली थंडी आम्हा तंजावूरकरांना काय ठाऊक! घरातलं एकुलतं एक कांबळं बरोबर होतं, ते काकांनी आधीच पांघरलं. अप्पा धोतरासारख्या वेष्टीवर टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसले. शेवटी उठले, खिडक्या लावल्या आणि गॅसची शेगडी पेटवायला लागले.

काका थोरल्या भावावर ओरडले, "अण्णा, नको! बंद गाडीत विस्तव ठेवला तर सकाळी तिघांपैकी कुणी उठणार नाही!"

"मग थंडीनं मरू म्हणतोस?"

काका कांबळ्याचं टोक उचलून म्हणाले, "ये इकडं. पाय पोटाशी घे, लहानपणी घ्यायचास तसे."

पहाटेपर्यंत दोघांची कुजबुज चालली होती.

सकाळी मी बाजारातून दुसरं, चांगलं जाड कांबळं आणलं. अप्पांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "परत करून ये रे. आम्हाला एक पुरतंय."