लेकराचं पाणी आन् बायांचा चहा

...न्हाई, बघायचं काय हाय मी म्हंते त्यात? लेकरू हाय का नवी नवरी हाय? योगिताच्या आठ महिन्याच्या लेकराला जुलाब लागले, माय आन् सासू दोघी ऊस तोडायला कारखान्यावर, घरात ही एकटी पोर, आन् आमच्या गल्लीतल्या बाया निघाल्या पदर सावरीत... काय तर म्हणं, बघायला! तुमाला सांगते, सांगायला समद्या, धरायला कुणी न्हाई!

भिवराबाई म्हंती, "पाणी पाजू नगं गं बाई, वरून पाजलं की खालून जातंय!" आगं ए, लेकरू हाय का फुटका रांजण? सत्यभामा म्हंती, "दिष्ट लागली." लागणारच की! सकाळधरनं तूच टक लावून बसलीस!

बरं, आलेल्या बाईला चहा नगं का? न्हाई केला तर गावभर बोंब, "योगिता घोटभर चहाला म्हणली न्हाई!" म्हणून ती पोर काखंत लेकरू घिऊन चुलीपुढं, पोटात भाकर न्हाई, डोळ्याला झोप न्हाई... लेकराचे डोळे खोल गेलेले, व्हट वाळलेले, आन् हिकडं बशा वाजतेत! सांगायला समद्या, धरायला कुणी न्हाई!

तेवढ्यात भिवराबाईनं तोंड वाकडं केलं. "योगे, चहा खारट कावून लागतोय गं?"

मी उठून चुलीपाशी बघते तर काय... दवाखान्याच्या आशाताईनं लेकरासाठी मीठ-साखरेची पुडी कालवून ठिवलेलं पाणी, समदंच्या समदं चहात वतलेलं! झोपंच्या गुंगीत पोरीला कळलंच न्हाई. आवं, जुलाब कुणाला आन् औषध कोण भुरकतंय?

मंग माझं टकुरं फिरलं. "भिवराबाई, धर लेकरू! सत्ये, भाकरी थाप! तू गं, पळ, आशाताईकडून दुसरी पुडी आण! आन् योगे, तू झोप, उठलीस तर बघ!" भिवराबाई म्हंती, "माझी कंबर..." म्हणलं, "जीभ दुखत न्हाई ना? मंग कंबर बी दुखणार न्हाई!"

चमच्या-चमच्यानं पाजलं, आळीपाळीनं. दिसभर कोरडं ऱ्हायलेलं लेकरू सांजच्याला मुतलं... भिवराबाईच्या नव्या लुगड्यावर! आसा जीव निवला माझा, दोन्ही कारणानं!

आता म्हणताल, गल्ली सुधारली. कशाची! तवापसून कुणाचं लेकरू शिंकलं तरी माझ्याच मांडीत टाकतेत, "चतुराबाई, धरा जरा," आन् सोता बसतेत सांगत. हे मांडीवरचं? कुणाचं हाय, देव जाणं. सांगायला समद्या, धरायला मी... आन् हे बघा, भिजीवलं मेल्यानं!